टाटा इस्टेट पुन्हा उभी करताना: जुने पार्ट शोधायचे कुठे आणि जुळवायचे कसे

टाटा इस्टेट ही जुनी डिझेल स्टेशन वॅगन दुरुस्तीला घेणारा माणूस बहुधा इंजिनापासून सुरुवात करतो. इंजिन उतरतं, बोअरिंग होतं, पंप-नोझलचं काम होतं, पैसे संपत येतात. मग गाडी महिनोन्‌महिने शेडमध्ये पडून राहते, कारण मागच्या दिव्याची काच कुठेच मिळत नाही. या गाडीचं इंजिन आजही मिळतं. डिकीचा दरवाजा मात्र नशिबाने मिळतो. म्हणून खरेदीचा क्रम उलटा लावा. जे फक्त इस्टेटलाच बसतं ते आधी घ्यायचं, जे पाच गाड्यांना बसतं ते शेवटी.

आधी गाडीचं घराणं समजून घ्या

टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, १९८८ मध्ये टाटामोबाइल २०६ हा पिकअप काढला. त्याच पायावर १९९१ मध्ये सिएरा आली आणि १९९२ मध्ये इस्टेट. १९९४ ला सुमो, १९९८ ला सफारी. इस्टेट रस्त्यावर फार दिसली नाही आणि २००० च्या आसपास बंदही झाली. सुमो मात्र गावोगाव पोचली. साताऱ्या-सांगलीकडे वडापला (सीटवारी प्रवासी वाहतुकीला), लग्नाच्या वऱ्हाडाला, सरकारी खात्यांना, सगळीकडे सुमोच. म्हणून इस्टेट शोधत फिरण्यापेक्षा तिची भावंडं शोधा. पार्ट त्यांच्याकडेच आहेत.

इंजिनाच्या नावातच त्याची ओळख असते. ४८३ म्हणजे ४ सिलिंडर आणि ८३ मिलिमीटर बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास. स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ९० मिलिमीटर, म्हणून १९४८ सीसी. इस्टेट, सिएरा आणि सुरुवातीची सुमो या सगळ्यांत हेच घराणं. ४९७ म्हणजे बोअर ९७ मिलिमीटर, २९५६ सीसी, हे ४०७ ट्रकच्या घराण्यातलं मोठं इंजिन. इथेच सगळ्यात मोठा घोळ होतो. भंगारवाला सांगतो, "२०७ चं इंजिन आहे, तुमच्या गाडीला बसेल." जुन्या २०७ पिकअपला ४८३ होतं, पण २०७ डीआयला २९५६ सीसीचं. सुमो स्पेसिओलाही मोठंच. नुसतं गाडीचं नाव ऐकून पैसे देऊ नका. ब्लॉकवरचा ठसा वाचा.

टर्बो हा दुसरा घोळ. सुरुवातीच्या सफारीचं आणि नंतरच्या काही सुमोंचं टर्बो इंजिन १९४८ सीसीचंच असतं, बाहेरून बरंचसं तसंच दिसतं. पण पिस्टन, पंपाचं सेटिंग, टर्बोला जाणारी ऑइलची लाइन, एक्झॉस्ट हे सगळं वेगळं. टर्बोचे पिस्टन साध्या इंजिनात आणि साधा पंप टर्बोला, असली खिचडी करणारे मेकॅनिक भेटतात. गाडी चालूही होते. किती दिवस, ते मात्र तुमच्या नशिबावर.

वहीत चार याद्या करा

गाडी खोलायला सुरुवात करण्याआधी तिच्याभोवती वही घेऊन फिरा. काय गायब आहे, काय सडलं आहे, काय चालण्यासारखं आहे ते लिहून प्रत्येक वस्तू चारपैकी एका यादीत टाका.

पहिली यादी फक्त इस्टेटच्या वस्तूंची: मागचे दोन्ही दरवाजे, डिकीचा दरवाजा आणि त्याची काच, मागच्या बाजूच्या स्थिर काचा, मागचे दिवे, मागचा बंपर, छताचं अस्तर, मागची सीट आणि तिची कडी-बिजागरं. दुसऱ्या यादीत सिएरा आणि टाटामोबाइलशी जुळणारा पुढचा भाग: हेडलॅम्प, ग्रिल, बॉनेट, फेंडर, डॅशबोर्ड, मीटर, स्विच. यांची मांडणी मुळात एकच असली तरी वर्षागणिक किरकोळ फरक होत गेले, तेव्हा एकावर एक ठेवून बघितल्याशिवाय घेऊ नका. तिसरी यादी यंत्राची: इंजिन, क्लच, गिअरबॉक्स, डिफ (मागच्या चाकांना जोर वाटून देणारा डिफरन्शिअल), सेल्फ (स्टार्टर), अल्टरनेटर, स्टिअरिंग. इथे सुमो तुमच्या मदतीला येते. चौथ्या यादीत बेअरिंग, ऑइल सील, रिले, नट-बोल्ट, होज पाइप. या वस्तू भंगारातून आणायच्याच नाहीत.

पहिल्या यादीतली वस्तू दिसली की लगेच घ्या, गाडीचं काम कुठवर आलंय ते न बघता. तुमची बरी असली तरी दुसरी घेऊन ठेवा. मागचा दिवा पुढच्या दिवाळीत लागणार असला तरी आज समोर आहे तो पुढच्या दिवाळीपर्यंत थांबत नाही.

दिवा मिळालाच नाही तर? एका बाजूची काच शाबूत असेल तर तिच्यावरून सिलिकॉनचा साचा काढून रेझिनमध्ये ओतून देणारे कारागीर आहेत. पण डाव्या साच्यातून उजवा दिवा निघत नाही. म्हणून फुटलेल्या काचेचे तुकडेही जपून ठेवा. ते जोडून, घासून साच्यापुरता नमुना तयार होतो.

कुठे शोधायचं

मुंबईत कुर्ला पश्चिमेचा जुन्या पार्टचा बाजार. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार, बुधवारी आणि रविवारी. तिथे मोठे पार्ट कमी, पण मीटर, स्विच, हँडल, लोगो, कधी एखादं जॅकचं किट असं किरकोळ सामान हाती लागतं. पिंपरी-चिंचवडला चिखलीजवळच्या कुदळवाडीत भंगाराची मोठी वस्ती होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली गोदामं पाडली आणि व्यापारी विखुरले. कोणाचा जुना पत्ता हातात असेल तर आधी फोन करा.

माझं मत विचाराल तर शहरातल्या बाजारापेक्षा तालुक्याच्या गावातली जुनी स्पेअर पार्टची दुकानं जास्त कामाची. जिथे सुमो वडापला चालल्या, तिथल्या दुकानदारांनी त्या काळात माल भरला होता. गाड्या गेल्या, माल माळ्यावर राहिला. खोक्यावर 'टेल्को' छापलेलं असेल तर माल २००३ च्या आधीचा, कारण त्या वर्षी कंपनीचं नाव टाटा मोटर्स झालं. अर्थात नकली खोकी तेव्हाही छापली जायची, त्यामुळे आतल्या पार्टवर नंबर आहे का ते बघा. आणि हा माल धातूचा असेल तरच घ्या. वीस-पंचवीस वर्षं माळ्यावर तापलेलं रबर कोरं दिसतं, पण बोटाने वाकवलं की बारीक चिरा पडतात. असे बुश, होज, ब्रेकचे कप फुकट दिले तरी नको.

पत्र्याचे पार्ट घेताना गाडी कुठे चालली ते विचारा. कोकणातल्या गाडीचे दरवाजे खालून गेलेले असतात. सोलापूर, बीड, लातूरकडच्या कोरड्या हवेतल्या गाडीचे बरे निघतात. इंजिन कुठल्याही मुलखातलं चालेल, दरवाजा कोरड्या मुलखातला बघा.

महाराष्ट्राबाहेर दिल्लीचं मायापुरी आणि चेन्नईचं पुदुपेट ही मोठी नावं. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आल्यामुळे तिकडे डिझेल गाड्या बऱ्याच मोडीत निघाल्या. पण नुसत्या फोटोवरून माल मागवू नका. पार्टशेजारी मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो आणि ठशाच्या नंबराचा जवळून फोटो, हे दोन आल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत.

जाताना सोबत काय न्यायचं

तुमचा खराब पार्ट. बाकी सगळं दुय्यम. "माझ्याकडे माप लिहिलंय" हे पुरत नाही, कारण जे माप घ्यायचं राहिलं तेच नेमकं चुकतं. पार्ट उचलण्याजोगा नसेल तर जाड पुठ्ठ्यावर त्याचं फ्लँज ठेवून भोकं पेन्सिलने उतरवून घ्या आणि पुठ्ठा न्या. जोडीला व्हर्नियर, आट्यांचा गेज, टॉर्च, वायर ब्रश, थोडं रॉकेल, खडू, आणि फडक्यात गुंडाळलेलं चुंबक. चुंबक पत्र्यावरून फिरवलं की जिथे पकड सुटते तिथे पुटी भरलेली आहे.

नंबर आधी, माप नंतर

टाटाच्या पार्टचा नंबर बारा आकडी असतो. ओतीव वस्तूवर उठावात, पत्र्यावर ठशात, नाहीतर चिकटवलेल्या पट्टीवर. वायर ब्रशने घासून वाचा. दोन गाड्यांच्या पार्ट कॅटलॉगमध्ये तोच नंबर दिसला तर विषय संपला, पार्ट जसाच्या तसा बसतो. शेवटचे आकडे वेगळे असतील तर त्यात काहीतरी बदललेलं असू शकतं, तेव्हा मोजून बघा. छापील कॅटलॉग रद्दीच्या दुकानात किंवा एखाद्या बंद पडलेल्या गॅरेजमध्ये मिळाला तर सोडू नका. सुमोचा आणि इस्टेटचा असे दोन्ही हाताशी असले की अर्धी भटकंती वाचते.

सेल्फ, अल्टरनेटर, डिझेल पंप यांवर टाटाच्या नंबरपेक्षा बनवणाऱ्या कंपनीचा नंबर जास्त कामाचा. लुकास टीव्हीएस किंवा बॉश, म्हणजे तेव्हाची मायको, यांची पट्टी अंगावर असते. सेल्फ जुळवताना पिनियनचे दात मोजा, फिरण्याची दिशा बघा, बोल्टच्या भोकांमधलं अंतर घ्या.

अल्टरनेटरच्या बाबतीत एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम नसतो, म्हणून ब्रेक बूस्टरसाठी वेगळा पंप लागतो, आणि तो बऱ्याचदा अल्टरनेटरच्या पाठीवरच बसवलेला असतो. तुमच्या गाडीत तसा असेल आणि तुम्ही बिनपंपाचा अल्टरनेटर लावलात तर बॅटरी झकास चार्ज होईल आणि ब्रेक दगडासारखा लागेल.

बेअरिंगवरचा नंबर जगभर एकच. ६२०५ म्हणजे आतला व्यास २५, बाहेरचा ५२, रुंदी १५ मिलिमीटर, कंपनी कुठलीही असो. शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणलं की आतला व्यास निघतो. हे ०४ पासून पुढे लागू. ऑइल सीलवर तीन मापं ओळीने असतात: शाफ्ट, हौसिंग, जाडी. नंबर लिहून घ्या आणि नवीन आणा. रिलेच्या बुडाशी ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात, तेही सगळीकडे सारखेच. अँपिअर जुळवून नवीन घ्यायचा.

चाकाची डिस्क बदलायची असेल तर पीसीडी, म्हणजे सगळ्या स्टडच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, मोजा. पाच स्टडच्या चाकात समोरासमोर स्टड येत नाहीत, म्हणून शेजारच्या दोन स्टडच्या मध्यबिंदूंमधलं अंतर घ्या आणि १.७०१ ने गुणा. सोबत मधल्या भोकाचा व्यास आणि ऑफसेट. स्टड बसले म्हणजे चाक बसलं असं नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून टायर कुठे घासतो का ते पाहिलंच पाहिजे.

गिअरबॉक्स आणि डिफ

इथे घाई नको. गिअरबॉक्स जमिनीवर पडलेला असताना इनपुट शाफ्ट हाताने वर-खाली हलवा. किंचित हालचाल चालते, खडखड नको. ड्रेन प्लग उघडून ऑइल बोटावर घ्या. राखाडी चमक असेल तर झीज नेहमीची. टोचणारे कण आले तर दातांचे तुकडे पडलेत. प्लगच उघडू देत नसेल त्याच्याकडून गिअरबॉक्स घेऊ नये. मग प्रत्येक गिअर टाकून इनपुट फिरवा, आउटपुटचे फेरे मोजा आणि आपल्या जुन्या बॉक्सशी ताडून पाहा. मीटरच्या केबलचा गिअरही त्याच वेळी बघून घ्या.

डिफ बाहेरून जुळली तरी आतलं गुणोत्तर वेगळं असू शकतं. माल वाहणाऱ्या पिकअपची डिफ इस्टेटला लावली तर गाडी चढावर मजेत जाईल आणि एक्स्प्रेस वेवर बोंबलेल, शिवाय मीटर खोटं बोलेल. तपासणं सोपं आहे. झाकण उघडं असेल तर क्राउन आणि पिनियनचे दात मोजा: ३७ आणि ९ असतील तर ४.११. झाकण बंद असेल तर एक हब घट्ट धरा, दुसरा बरोबर दोन फेरे फिरवा आणि पिनियनच्या फ्लँजवर खडूची खूण करून तिचे फेरे मोजा. फेरे चाराच्या थोडे वर गेले तर ४.१ च्या घरातलं. आपल्या गाडीचं आधी मोजून वहीत लिहिलेलं असायला हवं, हे सांगायला नकोच.

तडा कसा ओळखायचा

स्टिअरिंगचे, सस्पेन्शनचे, हबचे ओतीव-घडीव भाग घेण्याआधी जुनी पद्धत वापरा. भाग साफ पुसा, रॉकेल लावा, दहा मिनिटं थांबा, कोरडा पुसा आणि वरून खडूची पूड चोळा. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर झिरपतं आणि पांढऱ्यावर काळसर रेघ उमटते. शंका राहिली तर वर्कशॉपमध्ये डाय पेनिट्रंटने (तड्यात शिरणाऱ्या रंगीत द्रवाने) बघून घ्या.

सिलिंडर हेड घेताना सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून सपाटी बघा, व्हॉल्व्ह सीटच्या मधल्या अरुंद जागेत तडे आहेत का ते टॉर्चने पाहा, आणि पाण्याच्या प्रेशरवर तपासून मिळेल या बोलीवरच पैसे द्या. ब्रेक ड्रमवर कमाल व्यासाचा आणि डिस्कवर किमान जाडीचा आकडा बहुधा ओतलेला असतो. व्हर्नियर लावून बघा.

काही गोष्टी जुन्या घेऊच नका: ब्रेक होज, व्हील सिलिंडरचे रबर, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, सीट बेल्ट. डिकीचा गॅस शॉकरही नाही. जुन्या शॉकरच्या अंगावर न्यूटनमध्ये ताकद छापलेली असते, ती आणि उघड्या-मिटल्या स्थितीतली लांबी लिहून नेली की नवीन जुळवून मिळतो.

सुटा पार्ट नको, जोड घ्या

दरवाजा घेताना आतली काच, काच वर-खाली करणारी मशीन, लॉक, हँडल, बिजागरं आणि त्यांचे बोल्ट यांसकट घ्या. सुटं घ्यायला गेलात तर स्वस्त वाटतं आणि शेवटी एका पट्टीसाठी परत त्याच दुकानात यावं लागतं. वायरिंगचा कप्लर (वायरी जोडणारा प्लग) कापताना वीतभर वायर मागे ठेवायला सांगा. मुळाशी कापलेला कप्लर वायरमनच्या काही उपयोगाचा नाही. बोल्ट पिशवीत घालून पिशवीवर जागेचं नाव लिहा. खोलणारा पोरगा गॅस कटर काढत असेल तर थांबवा. पान्याने खोलून देण्याचे थोडे जास्त पैसे मागेल, ते द्या.

भाव ठरवताना एवढंच ध्यानात ठेवा की भंगारवाल्यासाठी तळाचा भाव म्हणजे लोखंडाचा किलोचा दर. ४८३ चा ब्लॉक उद्याही कोणीतरी मागेल हे त्याला माहीत आहे, तिथे तो फारसा उतरणार नाही. पण इस्टेटचा मागचा दरवाजा वर्षानुवर्षं कोणी विचारलेला नसतो. तिथे फार उत्सुकता दाखवू नका. आधी सुमोचं काहीतरी विचारा, मग सहज वळून म्हणा, "आणि तो दरवाजा कितीला?"

कागद

चोरीच्या गाड्यांचे पार्ट ही या धंद्याची दुखरी बाजू. मेरठच्या सोतीगंजमध्ये याच कारणावरून पोलिसांनी कारवाई केली आणि २०२१ च्या अखेरीस बाजार बंद पडला. चोरीचा माल आहे असं वाटायला जागा असताना घेतला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ घेणाऱ्यालाही लागतं. म्हणून इंजिन आणि गिअरबॉक्ससारख्या मोठ्या वस्तूंचं बिल घ्या, बिलावर इंजिन नंबर आणि मूळ गाडीचा नोंदणी क्रमांक लिहून घ्या. नंबर घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसला तर भाव कितीही चांगला असो, पाठ फिरवा. चासी नंबर असलेला फ्रेमचा तुकडा तर कधीच नको.

पार्टसाठी आख्खी इस्टेट घ्यायची असेल तर तिचं आरसी मूळ मालकाने रद्द केलंय का ते विचारा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची निकामी झाल्याचं मालकाने नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं असतं. ते झालं नसेल तर त्या गाडीचा थकीत कर आणि दंड यांची कटकट तुमच्या दारात येऊ शकते.

दुसरं इंजिन बसवलं तर नंबर बदलतो, आणि तो आरसीवर चढवून घ्यावा लागतो. कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. त्याच घराण्याचं, तेवढ्याच सीसीचं, डिझेलच्या जागी डिझेल असेल तर आरटीओत समजावणं सोपं जातं. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांनी नव्याने करायची असते, तेव्हा इंजिन नंबर प्रत्यक्ष ताडून पाहतात. ५० वर्षांवरच्या गाड्यांना मिळणारी व्हिंटेज नोंदणी १९९२ च्या इस्टेटला २०४२ आधी मिळायची नाही. तोवर हेच नियम. म्हणून इंजिन गाडीत चढवण्याआधी बिल आणि परवानगीचे कागद आरटीओत देऊन या. नंबराचा ठसा पेन्सिलीने कागदावर उतरवायचा असेल तर इंजिन बाहेर असतानाच उतरवून घ्या, एकदा आत बसलं की तिथे हात पोचत नाही.